कल्हईचं पातेलं रिकामंच तापलं : कथिलाचा धूर, शिसं आणि बाकीची भीती

प्रश्न थोडक्यात असा. सासूबाईंचं जुनं पितळी पातेलं हौसेनं कल्हई करून, म्हणजे आतून कथिलाचा (टिनचा) पातळ थर देऊन आणलं. फोडणीसाठी गॅसवर ठेवलं आणि तेवढ्यात फोन आला. परत येऊन पाहतात तर आतली चकाकी गेलेली, तळाशी चांदीसारखे थेंब गोळा झालेले, कडेला राखाडी डाग आणि स्वयंपाकघरात उग्र वास. घरात लहान मूल आहे. कथिलाचा धूर छातीत गेला असेल का? त्याचं काही होईल का? आणि हे भांडं आता वापरायचं की मोडीत द्यायचं?

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. कथिलाचा धूर झालेलाच नाही, तेव्हा तो कुणाच्या छातीत जायचा प्रश्न येत नाही. भांडं मोडीत देऊ नका, पण आहे तसं वापरूही नका. पुन्हा कल्हई करून घ्या. काळजी करायचीच असेल तर ती धुराची नको. कल्हईवाल्यानं वापरलेली कांडी कथिलाचीच होती की तिच्यात शिसं होतं, याची करा. खालचं बरंचसं लिखाण त्याच एका गोष्टीसाठी आहे.

माझी नोकरी तांब्याच्या तारेवर कथिलाचा मुलामा चढवणाऱ्या खात्यात झाली. तिथं वितळलेल्या कथिलाचं भांडं, म्हणजे बाथ, पाळीभर २५० ते २७० अंश सेल्सियसवर चालू असतं आणि माणसं त्याच्या शेजारी उभी राहून काम करतात. नवीन आलेला प्रत्येक मुलगा पहिल्याच आठवड्यात हाच प्रश्न विचारायचा, फक्त पातेल्याऐवजी बाथचं नाव घेऊन.

कथील २३२ अंशांना वितळतं. धातूंच्या मानानं हे फारच कमी. शिशाला ३२७ लागतात, जस्ताला ४१९, तांब्याला १०८५. पण वितळणं लवकर म्हणजे उकळणंही लवकर, असं मात्र नाही. कथील उकळायला २६०० अंशांच्या आसपास जावं लागतं. वितळणं आणि उकळणं यांत एवढं अंतर असलेले धातू थोडे आहेत. उकळण्याच्या आधीही थोडी वाफ निघतेच, हे खरं. पण कथिलाच्या वाफेचा दाब जेमतेम एक पास्कल, म्हणजे हवेच्या दाबाचा एक लाखावा हिस्सा व्हायलाच १२०० अंशांच्या वर जावं लागतं. घरच्या गॅसवर रिकामं पातेलं विसरलं तर त्याचा तळ तीनशे-चारशे अंशांपर्यंत जाईल. पितळ स्वतःच ९००च्या पुढे वितळायला लागतं. म्हणजे कथिलाची वाफ व्हायची वेळ येईल तेव्हा पातेलंच शिल्लक राहिलेलं नसेल.

मग उग्र वास कसला? भांड्याला चिकटलेला तेलाचा ओशटपणा, साबणाचा अंश, बाहेरच्या बाजूची काजळी किंवा पॉलिश. हे सगळं तीनशे अंशांना जळतं. शिवाय नव्या कल्हईच्या सांध्यांत, कानांच्या रिव्हेटांजवळ थोडा नवसागर (कल्हई करताना टाकतात तो क्षार) राहिलेला असतो. तो तापला की नाकात झोंबणारा वास येतो. खिडकी उघडली, वास गेला, खोकला राहिला नाही, तर विषय संपला.

थेंब का जमले तेही सांगतो, कारण भांड्याचं पुढं काय करायचं ते त्यावर ठरतं. कल्हई करताना कथील भांड्याच्या अंगाला धरतं ते नवसागरामुळे. नवसागर पितळेवरचा आणि कथिलावरचा गंज खाऊन टाकतो, स्वच्छ धातूला स्वच्छ धातू भेटतो आणि कथील पसरतं. तुमच्या गॅसवर ते पुन्हा वितळलं तेव्हा नवसागर नव्हता. वरचा थर गंजत गेला, उरलेलं कथील स्वतःतच आकसून थेंब झालं. जिथं ते जास्त वेळ तापलं तिथं ते खालच्या पितळेतल्या तांब्यात मुरलं आणि दोघांचं मिळून कडक, ठिसूळ, मळक्या रंगाचं संयुग तयार झालं. तुम्हाला दिसले ते राखाडी डाग हेच. या डागांवर, आणि जिथून कथील पूर्ण सरकलं आहे तिथं, ताक किंवा चिंचेचं सार ठेवलंत तर कळकणार. कळकलेल्या पदार्थात तांबं उतरलेलं असतं; मळमळ, उलटी, पोटात कळ ही त्याची नेहमीची लक्षणं. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातलं अन्न आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही खाण्यास अयोग्य धरलेलं आहे. म्हणून म्हटलं, आहे तसं वापरू नका.

पुढच्या वेळेसाठी एक खूणगाठ बांधून ठेवा. रिफाइंड शेंगदाणा तेलातून धूर निघू लागतो तो साधारण २३० अंशांना. कथील वितळतं २३२ला. हा योगायोगच, पण कामाचा. कल्हईच्या भांड्यात तेल धुरकटलं की कल्हई उंबरठ्यावर आली असं समजा. (घाण्याचं तेल याच्या बरंच आधी धुरकटतं, तिथं तुम्हाला जास्त वाव आहे.) भांड्यात पाणी, आमटी, दूध काही असेल तोवर तळ शंभराच्या फार वर जात नाही आणि कल्हईला काही होत नाही. तमिळनाडूत रसमसाठी जो ईय चोंबू वापरतात, तो तर अख्खा कथिलाचा असतो. त्यात आधी पाणी-चिंच घालतात आणि मगच तो आचेवर ठेवतात, फोडणी वेगळ्या पळीत करतात. रिकामा ठेवला तर गॅसवर त्याचं डबकं होतं. हल्ली तो आपल्याकडेही ऑनलाइन मागवला जातो आणि बऱ्याच जणांचा पहिल्याच दिवशी वितळतो.

आता पांढऱ्या धुराकडे येऊ. कल्हईवाला काम करताना पाहिलेल्या प्रत्येकाला वाटतं की तो ढग कथिलाचा. नीट पाहिलंत तर उलगडा होतो. भांडं आधी घासून, बऱ्याचदा आम्लानं धुऊन घेतलेलं असतं. भात्यानं कोळसे फुलवतात, भांडं सांडशीत धरून फिरवत तापवतात. मधूनच कांडीचं टोक तळाला टेकवून पाहतात. टोक ओघळलं की आच पुरेशी झाली. हा त्याचा थर्मामीटर, आणि तो चुकत नाही. मग चिमूटभर नवसागर टाकतात आणि त्याच क्षणी फस्सकन पांढरा लोट उठतो. कांडी अजून बाजूलाच असते! त्यानंतर कांडी दोन-चार ठिकाणी टेकवून कापसाच्या नाहीतर चिंधीच्या बोळ्यानं एका हातात सगळीकडे पुसतात आणि भांडं पाण्यात बुडवतात.

तो लोट नवसागराचा, म्हणजे अमोनियम क्लोराइडचा. तापल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असे दोन वायू होतात आणि हवेत थंड होताना ते पुन्हा एकत्र येऊन बारीक पांढरे कण बनतात. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, दमेकऱ्याला त्यानं धाप लागू शकते. रस्त्यावर उभं राहून लांबून पाहणाऱ्याला फरक पडत नाही. दिवसभर त्यावर वाकून बसणाऱ्याला पडतो, आणि त्याच्या शेजारी बसून भाता मारणाऱ्या पोराला त्याहून जास्त पडतो. घरी कल्हई करून पाहणाऱ्यांचे व्हिडिओ सध्या बरेच फिरतात. बंद स्वयंपाकघरात, चिमणीच्या भरवशावर हे करू नये. अंगणात, वाऱ्याला पाठ देऊन करावं.

कथील धुराच्या रूपानं माणसाला भेटतं ते भट्टीवर. खनिजातून कथील काढायचं तर कोळशाबरोबर हजार-बाराशे अंशांच्या वर न्यावं लागतं, तिथं कथिलाच्या ऑक्साइडचे कण हवेत उडतात. वर्षानुवर्षं ते श्वासातून गेलेल्या कामगारांच्या छातीचा एक्स-रे काढला तर डॉक्टर दचकतो, एवढे दाट ठिपके दिसतात. कथिलाचा अणुक्रमांक ५०. एवढा जड अणू एक्स-रे चांगलाच अडवतो, म्हणून चित्र भयंकर दिसतं. पण फुप्फुसं चिवट होत नाहीत आणि श्वासाची ताकदही फारशी घटत नाही. या अवस्थेला स्टॅनोसिस म्हणतात आणि धुळीच्या फुप्फुसरोगांत ती सौम्य गणली जाते. दगडाच्या धुळीनं होणाऱ्या सिलिकोसिसशी तिची बरोबरी होऊ शकत नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत कारखान्याच्या एक घनमीटर हवेत २ मिलिग्रॅमपर्यंत असेंद्रिय कथील चालतं; शिशाची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे. चाळीसपट फरक आहे, आणि तो उगाच नाही.

पोटाच्या बाबतीतही तेच. खाल्लेल्या कथिलाचा ५ टक्क्यांहून कमी भाग रक्तात उतरतो, बाकीचं आल्या वाटेनं निघून जातं. डबाबंद अन्नात किलोमागे २५० मिलिग्रॅम आणि डबाबंद पेयांत १५० मिलिग्रॅम ही कोडेक्सची, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेची मर्यादा आहे. त्याच्या आसपास गेलं तर पोट बिघडतं, एक-दोन दिवसांत सुधारतं. अननसाचा किंवा टोमॅटोचा आतून लेप नसलेला डबा उघडा ठेवून रोज थोडं थोडं काढून खाणाऱ्याला हे होऊ शकतं, कारण हवा लागली की आम्ल कथील झपाट्यानं खातं. डबा उघडला की काचेच्या बरणीत काढा, एवढंच पथ्य.

इंटरनेटवर शोधताना तुम्हाला कथिलाबद्दल भयानक गोष्टी सापडल्या असतील. फ्रान्समध्ये १९५४ साली गळवांवरच्या स्टॅलिनॉन नावाच्या औषधातून शंभरेक माणसं दगावली. जहाजांच्या तळाला लावायच्या ट्रायब्युटिल टिनच्या रंगानं समुद्रातल्या गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटली आणि २००८पासून तो रंग जगभर बंद झाला. दोन्ही खरं आहे. पण ती ऑरगॅनोटिन नावाची, कथिलाला कार्बनची साखळी जोडून रसायन कारखान्यात मुद्दाम बनवलेली संयुगं आहेत. पातेल्यात तेल आणि कथील एकत्र तापवून ती तयार होत नाहीत.

आता शिसं.

बाजारात कथील शिशाच्या दहापटींहून महाग आहे. त्यात शिसं मिसळलं तर मिश्रण लवकर वितळतं. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं असेल तर १८३ अंशांनाच. कोळसा कमी लागतो, बोळा छान फिरतो. नवी असताना चकाकीत डोळ्याला फरक कळत नाही. स्वस्त, सोपं आणि दिसायला तेच. भेसळीला याहून जास्त काय हवं? काही कल्हईवाले जाणूनबुजून करत नसतील. भंगारातली डाख देण्याची (सोल्डरिंगची) तार किंवा जुनी कांडी मिळाली, वापरली. चांगली पिढीजात माणसं कांडी कुठून आणली ते विचारल्यावर न चिडता दाखवतात, हा माझा अनुभव.

तापण्याच्या बाबतीत शिसंही कथिलापेक्षा वाईट. त्याची वाफ एक पास्कलपर्यंत जायला सातशे अंश पुरतात, आणि पाचशेच्या पुढं कारखान्यात आम्ही त्याच्या धुराचा विचार सुरू करतो. तुमचं पातेलं बहुधा तिथवर गेलेलं नाही. पण खरा मार्ग श्वासाचा नाहीच, तोंडाचा आहे. शिसं असलेल्या कल्हईत चिंच, कोकम, टोमॅटो, ताक शिजलं किंवा राहिलं की थोडं थोडं शिसं अन्नात उतरतं. लक्षण काही दिसत नाही, पोटही बिघडत नाही. लहान मुलाचं शरीर ते मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त शोषतं आणि त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते.

घरी काय तपासता येईल? कल्हई होऊन गेल्यावर फारसं काही नाही. आधी मात्र कांडी तपासता येते. शुद्ध कथिलाची बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली तर करकर असा आवाज येतो. शिसं बरंच असेल तर कांडी कागदावर पेन्सिलीसारखी राखाडी रेघ ओढते. या दोन्ही खुणा ढोबळ आहेत. त्याहून बरी वजनाची रीत. कथिलाची घनता ७.३, शिशाची ११.३४. डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. कांडी दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिलिलिटर कांडीचं आकारमान. ३०० ग्रॅमच्या शुद्ध कांडीला ४१ च्या आसपास आकडा यायला हवा. ३५ आला तर तीत चाळीस टक्के शिसं आहे, सरळ परत करा. दहा टक्क्यांची भेसळ असेल तर साडेएकोणचाळीस येईल; एक ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर हा फरक धरता येईलच असं नाही. ओतताना कांडीत पोकळी राहिली असेल तर आकडा फुगतो आणि भेसळ झाकली जाते, हेही लक्षात ठेवा. म्हणून मी लोकांना सांगतो, धातूच्या प्रयोगशाळेत एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखायची) तपासणी करून घ्या. सोनार कॅरट पाहतो त्याच तत्त्वावरचं यंत्र, मिनिटाभरात आकडा देतं आणि कल्हई झालेल्या भांड्यावरही चालतं. नाहीतर प्रमाणपत्र असलेलं ९९.८५ टक्के किंवा त्याहून शुद्ध कथील स्वतः विकत घ्या आणि कल्हईवाल्याच्या हातात द्या. एका पातेल्याला ते फार लागत नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत: भांडं अजून रोजच्या स्वयंपाकात आलेलंच नव्हतं, तेव्हा एका प्रसंगानं घाबरण्याचं कारण नाही. घरातली बाकीची भांडीही त्याच माणसाकडून कल्हई होत आली असतील आणि त्यांत आंबट शिजत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर स्रोत शोधून तो बंद करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे.

याच प्रश्नाच्या खाली कुणी डाख देण्याबद्दल आणि ‘टिनाच्या’ पत्र्याबद्दल विचारलं आहे, तेही इथंच. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात सोल्डरिंग आयर्नमधून उठणारा निळसर धूर तारेतल्या राळेचा असतो, धातूचा नव्हे. राळेच्या धुरानं काहींना कायमचा दमा जडतो, म्हणून छोटा पंखा तोंडापासून दूर हवा ओढेल असा ठेवा. शिसं असलेली तार हाताळली तर जेवणाआधी हात साबणानं धुवा. शिसं तिथं बोटांवरून तोंडात जातं.

छपराचा पत्रा आणि पत्र्याची बादली यांवर कथील नसून जस्त असतं. अशा बादलीची शेगडी करून कोळसे फुलवले किंवा असा पत्रा वेल्डिंगनं जोडला, तर जस्ताचा पांढरा धूर निघतो, कारण जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. त्यानंतर चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, अंग मोडून निघतं. एक-दोन दिवसांत उतरतं, पण लोक त्याला मलेरिया समजून गोळ्या खात बसतात. नवी शेगडी पहिल्यांदा उघड्यावर, माणसांपासून दूर पेटवा.

तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात आंघोळीचं पाणी चुलीवर तापवतात, ते चालेल का? चालेल. आत पाणी असताना डब्यावरच्या मायक्रोनभराहून पातळ कथिलाला काही होत नाही. डबा गंजून गळेल तेव्हा टाका. पिण्याच्या पाण्याला मात्र तो वापरू नका, आणि बंद डबा कधीच आचेवर ठेवू नका, तो फुटतो.

शेवटी भाजण्याबद्दल, कारण आमच्या खात्यात दवाखान्यात गेलेली माणसं धुरानं नाही, याच कारणानं गेली. वितळलेल्या कथिलात ओलसर कांडी किंवा पाण्याचा थेंब पडला की त्याची वाफ सोळाशे-सतराशे पट फुगते आणि कथील फवाऱ्यासारखं वर उडतं. म्हणून बाथमध्ये टाकायची कथिलाची प्रत्येक लादी आधी बाथच्या कडेवर ठेवून सुकवतात, पावसाळ्यात तर हटकून. पातळ कथील पाण्यासारखं दिसतं, आणि हात तिथं जातो. ते कातडीला चिकटून घट्ट होतं. ओरबाडून काढू नये, वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरावं आणि चिकटलेल्या धातूसकट डॉक्टरकडे जावं. अंगात सुती कपडे असावेत, टेरिकॉट कातडीवर वितळतं. तुमच्या पातेल्यातले थेंबही पुन्हा तापवून काढायच्या फंदात पडू नका. गार झाल्यावर लाकडी उलथन्यानं सुटतील तेवढे काढा, कागदात बांधून ठेवा आणि एक्सआरएफला न्यायचे असतील तर तेच न्या. भांडं न्यायची गरज नाही.